पहिल्या हळदीचा मान

डोंबिवलीजवळच्या त्या गावात आता टॉवरच टॉवर झालेत, पण हळदीच्या मांडवात अजून जुनाच कायदा चालतो. जिच्या अंगावर सोनं जास्त, त्या सवाष्णीनं नवरीला पहिली हळद लावायची. हा कायदा कुणी केला ते कुणाला माहीत नाही, आणि मोडायची कुणाची छाती नाही. गेली कैक वर्षं हा मान हौसाबाई पाटलिणीचा. सासूकडून आलेली पुतळ्यांची माळ, गोठ, पाटल्या घालून ती मांडवात शिरली की पुढची खुर्ची आपोआप रिकामी व्हायची.

पण झाकली मूठ सव्वा लाखाची! शेजारणीच्या गळ्यातली चेन भर बाजारात ओढली गेली, तेव्हाच हौसाबाईच्या मुलानं, मयूरनं, आईचं सगळं सोनं ठाण्याला बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं आणि तिला हुबेहूब खोटा सेट आणून दिला. तेव्हापासून हौसाबाई हळदीत नाचायची बंद झाली. घामानं मान काळी पडली तर? लग्नसराई आली की ती गुपचूप स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन सेटला पॉलिश करून आणायची. एकदा तिथं धाकटी जाऊ शकू समोर उभी. दोघीही म्हणाल्या, नातीला बांगड्या बघायला आले. मग दोघींना बांगड्या बघाव्याच लागल्या.

यंदा हौसाबाईच्या एकुलत्या एक नातीचं, ऐश्वर्याचं, लग्न निघालं आणि म्हातारी अडून बसली.

"माजे नातीला खोट्या सोन्यानं हलद नाय लावाची मी. माजा खरा सोना आन. हलद लावीन न् तिचेच गल्यान घालीन."

मयूरनं लॉकर उघडला. सासूची माळ गळ्यात पडली तेव्हा हौसाबाईला भरून आलं. किती वर्षांनी ती चोरट्यासारखी न चालता ताठ मानेनं मांडवात शिरली.

पुढची खुर्ची रिकामी झाली नाही. तिथं शकू बसली होती, नखशिखांत झगमगत. मांडवातल्या पांढऱ्याफेक उजेडात हौसाबाईचं सोनं मळकट दिसत होतं. पुतळ्या तर झिजून गुळगुळीत झालेल्या. बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. शकूनं माळ चिमटीत धरून पाहिली.

"वयनी, तुजा सेट जाम काला परला गो. दुकानान दे, पालिश करून देतील."

हळदीची वाटी शकूच्या हातात होती. कोणतं दुकान, हे हौसाबाईच्या अगदी ओठांवर आलं. पण ते बोलावं तर स्वतःचीही इतक्या वर्षांची अब्रू मांडवात सांडणार. ती उठली, घरात गेली, दार लावून घेतलं. सासूचं सोनं टॉवेलात गुंडाळून कपाटात टाकलं आणि पॉलिश केलेला सेट चढवून बाहेर आली.

"आता कशी शोभतंस, पाटलीन!" बायका म्हणाल्या. शकूनं वाटी पुढं केली. तिला दुसरं काय करता येणार होतं?

हौसाबाईनं नातीच्या गालाला हळद लावली.

"ऐशू, आत तुजे पणजीची माल ठेवलंय. चल, तुला घालतंय."

ऐश्वर्या तिच्या गळ्याला बिलगली. "ती काळी? नको ना आजी. तुझ्या गळ्यातली हीच दे. फोटोत कसली भारी दिसते!"

हौसाबाईनं गळ्यातली काढून तिच्या गळ्यात घातली. दुसऱ्या दिवशी मयूर तो टॉवेल तसाच घेऊन ठाण्याला बँकेत गेला.