थांबणारा लूम

लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, तेलाचा वास आला की मला सुरतजवळच्या उधन्यातली ती सुट्टीची दुपार आठवते. लूम बंद होते, म्हणून कारखान्याचा ऑर्डरींचा प्रोग्राम मी प्रोग्रामिंग भाषेच्या नव्या आवृत्तीवर नेत होते. जुनी आवृत्ती ऑर्डरीतला रिकामा राहिलेला रकाना मुकाट पुढे ढकलायची, नवी तिथेच अडून बसली. स्क्रीन चुकांच्या लाल ओळींनी भरला तसे कारखान्याचे शेठ म्हणाले, "बेन, जुनं चालत होतं ने, परत तेच टाकी दो." मी लूमवर काम करणाऱ्याची लेक, म्हटलं, "शेठ, धागा तुटला तरी चालतच राहणारा लूम तुम्ही घ्याल?" त्यांनी लाल ओळींकडे पाहिलं, चहा मागवला आणि खुर्ची जवळ ओढून विचारलं, "कुठे कुठे तुटलाय?" आजही नवी आवृत्ती आली की ती प्रोग्राम कुठे थांबवते, तेच मी आधी वाचते.