व्हिडिओत आमचं दार बंद होतं

आधीच सांगते, असल्या गोष्टी वाचून मी मनापासून हसायचे. आजही भूतबित मानत नाही. पण हे माझ्या स्वतःच्या दारात, भर दुपारी घडलंय...

खराडीत आयटी पार्कच्या मागच्या गल्लीत माझी मेस होती. ऑफिसं घरून चालायला लागली, डबे घटले, गाळ्याचं भाडं थकत गेलं. शेवटी दिवाळखोरीचा अर्ज केला. वकीलबाईंनी बजावलं होतं — कुठल्याही कागदावर सही करायची नाही, काय ते कोर्ट ठरवेल. गाळ्याचे मालक नाना म्हणाले, "ताई, कोर्टबिर्ट मला सांगू नका. माझं भाडं हाय, ते टाका." आणि वसुलीला दोन माणसं लावली. याच नानांचा आमच्या सोसायटीतही एक फ्लॅट आहे, त्यामुळे ते आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. रोज सकाळी सुविचार!

माझी मुलगी सई बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. ती एवढंच म्हणाली होती, "आई, काहीही कर, पण ग्रुपवर आपलं काही येऊ देऊ नकोस. मला रोज याच लिफ्टने जायचंय."

मंगळवारी तीनच्या सुमारास बेल वाजली. मी दार उघडलं, सई माझ्या मागे. एकजण मोबाइलवर शूटिंग करत होता. दुसरा दारातल्या रांगोळीवर गुटखा थुंकला आणि सुरू झाला. सईकडे बघून तो जे बोलला ते मी इथे लिहिणार नाही. शिवी परवडली असती. अंगावर पाल पडावी तशी किळस आली.

"अहो, हळू बोला," मी म्हणाले.

"हळू कशाला? सगळ्यांना ऐकवतो की."

दारातच उभं राहून त्यांनी व्हिडिओ नानांना पाठवला. नानांनी तो न बघताच, सुविचारासारखाच, ग्रुपवर ढकलला. खाली ओळ — 'भाडे बुडवणारे ओळखून ठेवा.'

माझा फोन वाजला. मी ग्रुप उघडला.

व्हिडिओत आमचं दार बंद होतं. कडीला मोठं पितळी कुलूप. मी नाही, सई नाही. तो माणूस त्या कुलपाला धमकावत होता. माझं 'हळू बोला' ऐकूच येत नाही. तेवढा वेळ शांतता, मग त्याचं उत्तर. रांगोळी मात्र त्याच दिवशीची, ताज्या थुंकीसकट. आणि आमच्या दाराला कडीच नाही हो, पहिल्यापासून लॅच आहे!

मी फोन पुढे धरला, तसं शूटिंग करणाऱ्याने स्वतःच्या फोनवर तीनदा पाहिलं. चौकट चाचपली. "ताई... तुम्ही इथंच होता ना?"

"तुम्हीच सांगा," मी म्हणाले. दोघं लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेले, ते परत आले नाहीत.

ग्रुपवर तोवर सुरू झालं होतं. 'नाना, घर बंद आहे. हे गृहस्थ कोणाशी बोलत आहेत?' 'कुलूप उत्तम. कुठे मिळाले?' 'पॅसेजमध्ये थुंकणाऱ्यास दंड आकारावा.' नानांनी तासाभरात व्हिडिओ डिलीट केला. मी जपून ठेवलाय. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला दाखवला, तो म्हणाला यात काही छेडछाड नाही. वकीलबाई म्हणाल्या, जुनी क्लिप असेल. आम्ही कसे दिसलो नाही, ते कुलूप कुणाचं — मला आजही कळलेलं नाही.

सईने सगळे मेसेज शेवटपर्यंत वाचले. तिच्याबद्दल तो जे बोलला ते व्हिडिओत शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येतं. त्यावर एकही मेसेज नव्हता.

"आई, सगळ्यांनी आवाज बंद ठेवूनच बघितला असेल ना गं?" ती म्हणाली.