हजेरीला भात आणि केळं

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या प्राथमिक शाळेतल्या बाईंचा. घराण्यात पदवीधर झालेला मी पहिला, आणि त्याची सुरुवात बाईंच्या हजेरीपासून झाली. त्यांच्या वर्गात नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं नाही, डब्यात काय आणलंय ते सांगायचं. "भेंडी!" "मेथी!" "लोणचं-पोळी!" हशा पिकायचा आणि बुजरी पोरंही बोलती व्हायची. मी रोज "पिठलं" म्हणायचो. खरं तर माझ्याकडे डबाच नसायचा. एक दिवस बाई म्हणाल्या, "तुझ्या आईचं पिठलं मला दे, माझी भाजी तू घे." मी रडायलाच लागलो. त्यांनी काही न विचारता आपला डबा पुढे सरकवला. तेव्हापासून मधल्या सुट्टीत मी त्यांच्याशेजारी जेवू लागलो. माझी शाळा टिकली ती अशी.

बी.कॉम. झाल्यावर, नव्वदच्या दशकात, मला दुबईत, जबल अली बंदराजवळच्या एका गोदामात टाइमकीपरची नोकरी लागली. सकाळी कंपनीच्या बसमधून माणसं उतरली की मी नावं पुकारायची, त्यांनी "हाजिर" म्हणायचं. हिंदीवाल्यांचा हाजिर, अरबांचा हादिर, आपला हजर. एका शब्दात सगळ्यांचं भागायचं. फक्त फोर्कलिफ्टवरचा एक उंच, हसरा सोमाली तरुण गप्प राहायचा. नाव आलं की जमिनीकडे बघायचा. तो समोर दिसतोय म्हणून मी खूण करून मोकळा व्हायचो.

आमचे मॅनेजर पुण्याचे, राहायला दुबई शहरात, अल मनखूल भागात. त्यांनी एकदा हे पाहिलं.

"हा उत्तर का देत नाही? अ‍ॅटिट्यूड आहे का?"

"नाही साहेब, कामाला एक नंबर आहे."

"मग तोंड उघडू दे. त्याचं प्रोबेशन संपतंय. गुरुवारी मी स्वतः हजेरी घेतो. बोलला नाही तर व्हिसा कॅन्सल. खलास."

व्हिसा गेला तर तो युद्ध चाललेल्या देशात परत जाणार होता.

दुपारी कंटेनरच्या सावलीत चहा पिताना मी त्याला विचारलं. तो मोडक्या हिंदीत बोलला. बारा वर्षांचा असताना बंदूकवाल्यांनी त्याला शाळेतूनच उचललं होतं. त्यांच्या तळावर रोज सकाळी मुलांची नावं पुकारत. त्यांच्याकडेही शब्द तोच: 'हादिर' म्हणेल तो ट्रकमध्ये चढायचा आणि लढाईला जायचा. संध्याकाळी ट्रक अर्धा रिकामा यायचा. एका सकाळी याच्या तोंडून शब्दच फुटला नाही. पळाला असेल म्हणून ट्रक निघून गेला, आणि मग हा खरंच पळाला. होडीने येमेनला, तिथून शारजात, रोल्ला भागात राहणाऱ्या मामाकडे. आई आणि बहीण केनियात, निर्वासितांच्या छावणीतल्या तंबूत होत्या.

"वो शब्द बोलेगा तो मरेगा," तो गळ्याला हात लावून म्हणाला. "इधर से निकलता नहीं, भाई."

मला एकदम बाई आठवल्या. मी विचारलं, "डब्बे में क्या है?"

तो बावचळला. "चावल. केला."

"अलग अलग?"

"नहीं, साथ में!"

शेजारी आमचा रत्नागिरीचा वेल्डर बसला होता. त्याला ठसकाच लागला. "भातात केळं? अरे हबीबी, आमच्याकडे असा भात सत्यनारायणालासुद्धा करत नाहीत!"

सोमाली पठ्ठ्याने लगेच केळं सोललं, भातात कुस्करलं आणि घास त्याच्यापुढे धरला. वेल्डरने डोळे मिटून खाल्ला. मग म्हणाला, "जरा गूळ पाहिजे होता."

दुसऱ्या दिवशी मी बसमध्येच जाहीर केलं : आजपासून हाजिर बंद, डबा सांगा. पठाण ड्रायव्हर ओरडला, "नान-दाल!" केरळवाल्याची माशांची "मीन करी!" वेल्डर म्हणाला, "सुका जवळा, आणि कुणाला देणार नाही!" सोमाली मात्र हसला नुसता. बुधवारीही हसलाच.

गुरुवारी साहेबांनी कागद हातात घेतला. वेल्डरचं नाव आलं. त्याने सवयीने ठोकून दिलं, "जवळा!"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय?"

"हजर आहे म्हणतोय, साहेब," मी म्हणालो.

मग ते नाव आलं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. सोमाली जमिनीकडे बघत होता. वेल्डर दबक्या आवाजात म्हणाला, "यल्ला, चल हबीबी, गूळ आणलाय मी."

त्याने मान वर केली आणि बंदरापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "चावल-केला!"

सगळे टाळ्या पिटायला लागले. साहेबांना मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी टोपण परत लावलं आणि म्हणाले, "माझी पण मांडा. साबुदाण्याची खिचडी. आज उपास आहे."

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारच्या सुट्टीला, मी हे पत्र टाकलं :

आदरणीय बाईंना साष्टांग नमस्कार.

तुमची हजेरी समुद्रापलीकडे चालू झाली आहे. तिच्यामुळे एकाचा व्हिसा राहिला. त्याला तुमच्यासाठी डबा पाठवायचा होता. केळं टपालात टिकत नाही, असं मी त्याला समजावलं. तर म्हणतो, आईला इथे आणेन तेव्हा तिच्या हातचा भात बाईंना खायला बोलवू. यायचं हं.

आज सुट्टी. मी स्वतः रांधलं, वेल्डर आणि तो जेवायला आहेत. बाई, आज माझ्याकडे खरंच पिठलं आहे.

तुमचा,
पिठलं