धोंड्याच्या वर्षीचा झेंडू

हुलसूरच्या पुढं आमचं गाव. बारा घरं झेंडू लावतात, आणि ती बाराही सत्यभामाबाईंच्या शब्दावर. नवरा गेल्यावर गावात झेंडू आणला तो या काकूंनीच. रोप त्यांच्या वाफ्यातलं आणि लावायचा दिवसही त्यांचाच. नागपंचमीला आमच्याकडं रान उकरत नाहीत, दुसऱ्या दिवशी काकू वाफ्यावरचं जाळं काढायच्या आणि म्हणायच्या, "चला, न्या." तिथून दोन महिन्यांवर दसरा, आणि दसऱ्याला हुमनाबादच्या बाजारात झेंडूला म्हणाल तो भाव. सात वर्षं त्यात चूक झाली नव्हती. काकूंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. घरातलं कॅलेंडर आम्ही दुधाचे खाडे लिहायलाच ठेवायचो.

कोरोनाच्या वर्षी रोपं न्यायला आम्ही जमलो, तेव्हा त्यांची सून विजयश्री हळूच म्हणाली, "आत्या, यंदा महिनाभर थांबावं का? आईचा फोन आल्ता. पितरं झाली की जावयाला धोंडे खायला बोलवायलीय. म्हंजे धोंड्याचा महिना दसऱ्याच्या आधी हाय."

काकू सगळ्यांदेखत हसल्या. "तुला माहेरचं पुरण सुचायलंय. मला दिस मोजायला शिकवायलीस व्हय?"

आम्हीही हसलो. मी जरा जास्तच हसलो, आज ते लिहायची लाज वाटते. विजयश्री मान खाली घालून रोपं मोजून देऊ लागली.

एरवी अधिक महिना आला तरी पंचमीच्या आधी यायचा, त्यामुळं काकूंची मोजणी कधी बिघडलीच नव्हती. यंदा तो पितरं आणि दसरा यांच्या मधोमध बसला होता. पितरं संपली आणि रान पिवळंधमक झालं. दसरा अजून महिनाभर लांब. आम्ही टेम्पो भरून हुमनाबादला नेला, तर आडतवाले शिवशंकरप्पा कपाळाला हात लावून म्हणाले, "काकू, धोंड्यात लगीन न्हाई, वास्तू न्हाई. मी फुलं कुणाला देऊ?" किलोला पाच रुपये. त्यात तोडणीच्या बायांची मजुरीही निघेना. परतताना टेम्पोत काकू पंचमीपासूनचे दिवस बोटांवर पुन्हापुन्हा मोजत होत्या.

उरलेली झाडं दसऱ्याच्या आधी आठवडाभर झालेल्या पावसानं झोपवली. कुणी त्यांना तोंडावर बोललं नाही, पण त्यांच्या ओसरीवर बसणंही कुणी ठेवलं नाही. मीही नाही.

खंडेनवमीच्या सकाळी काकू एकट्याच पहिल्या जीपनं हुमनाबादला गेल्या. बाजारात दुसरीकडून आलेला झेंडू दीडशे रुपये किलो होता. शिवशंकरप्पा म्हणाले, "तुमच्याकडनं पैसे कामून घेऊ?" काकू म्हणाल्या, "आज मी गिऱ्हाईक हाय. भाव लावा."

दसऱ्याला सकाळी त्या आमच्या कवाडाबाहेर उभ्या. अंगणात येईनात. तोंडाला पदर, हातात झेंडूची पुडी. "दाराला बांधा," म्हणाल्या. "सुनेनं सांगितलं होतं, म्या ऐकलं न्हाई. तुमचं नुस्कान माझ्या तोंडानं झालं." झेंडू पिकवणारं आमचं गाव आणि दसऱ्याला दारं बोडकी. हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं, त्यांच्या आलं.

अशी त्यांनी अकरा घरं केली. बारावं त्यांचं स्वतःचं. शेवटची पुडी त्यांनी विजयश्रीच्या हातात दिली आणि चार माणसांत हसल्या होत्या त्याच ठिकाणी, चार माणसांतच म्हणाल्या, "पोरी, माझं चुकलं." विजयश्री तिथंच रडली.

पुढच्या पंचमीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही अकराही घरचे गेलो. सवयीनं मी विचारलं, "काकू, न्यायची का रोपं?"

"सुनेला इचारा," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या.

विजयश्रीनं खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं आणि त्यांच्याजवळ येऊन बसली. "आत्या, तुम्ही मोजा. मी बघते."

काकूंनी बोटं धरली. एकेक दिवस मोठ्यानं मोजला, एकही सुटला नाही. सुनेचं बोट कॅलेंडरवर सरकत होतं. काकूंची मोजणी आणि सुनेचं बोट एकत्रच दसऱ्यावर आलं, तेव्हाच आम्ही रोपांना हात लावला.