फुलेऱ्यापर्यंत एकटी

माझा पहिला एकटीचा दौरा पंचावन्न किलोमीटरचा होता. जयपूर ते फुलेरा, गाडीने तासभर. त्यासाठी मी चार दिवसांचे कपडे, दोन पॉवर बँक आणि उशी घेतली होती.

मी सुरुची. जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. आम्ही कारखान्यांसाठी मोठे ब्लोअर बनवतो, म्हणजे हवा फेकणारे पंखे. दीड वर्ष मी टेबलावर ड्रॉइंगच काढत होते. बाहेर पाठवा म्हणून साहेबांच्या, म्हणजे दशरथजींच्या, मागे लागले होते. शेवटी ते म्हणाले, "फुलेऱ्याजवळ मिठाचा कारखाना आहे. ब्लोअर हवा कमी देतोय. एकटी जाऊन दुरुस्त करून आलीस तर फील्डवर घेतो. नाहीतर ड्रॉइंग आहेतच."

आमच्या दुर्गापुऱ्याच्या घरात आईने तीन जणांचा डबा भरला. बाबा म्हणजे शेषराव, रेल्वेत बुकिंग क्लार्क, मूळचे अकोल्याचे. त्यांनी विचारलं, "एकटी जाऊन राहिली ना? मंग एवढा डबा कावून?"

"गाडीत कोणी भेटलं तर?" आई म्हणाली.

कोणी भेटलं नाही. मी खिडकीशी बसून स्वतःचे सात फोटो काढले.

कारखान्यात मोटर आठवड्यापूर्वीच दुरुस्त होऊन परत बसवली होती. मी ते वहीत लिहिलं आणि विसरले. मग पट्टा तपासला, फिल्टर उघडले, बेअरिंगची कंपनं मोजली, लॅपटॉपवर आलेख काढले. सुपरवायझर दर तासाला येऊन आदराने विचारायचे, "मॅडम, कुछ मिला?" मी म्हणायची, "डेटा घेतेय."

संध्याकाळी घरी परतता आलं असतं. पण मुक्काम केला नाही तर तो दौरा कसला? गेस्ट हाऊसच्या खोलीत पलंग, बादली आणि मी. अर्धा तास फार मोकळं वाटलं. नंतर आईला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "अवं, मालिका पाहू दे ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेटवरचा चौकीदार आला. "मॅडम, आपके चाचाजी आए हैं."

मला फुलेऱ्यात चाचाजी नव्हते. पण बाबांचा प्रत्येक जंक्शनवर एखादा मराठी रेल्वेवाला मित्र असतो, हे मी विसरले होते. स्कूटरवरून अरुणकाका उतरले. रेल्वेत इलेक्ट्रिक फिटर, वीस वर्षं फुलेऱ्यात. हातात डबा.

"शेषरावचा फोन होता. पोरगी एकटी हाय म्हणे."

"काका, मी कामावर आहे," मी दात आवळून म्हणाले. सुपरवायझर हसू दाबत होते.

"कर ना काम. मी कुठं अडवून राहिलो?"

ते माझ्यामागे आत आले. मी रुबाबात ब्लोअर बंद करायला लावला. पंखा हळूहळू थांबत होता. काकांनी खिशातला रुमाल काढला आणि ब्लोअरच्या अंगावर चढलेला मिठाचा थर पुसला. खाली लाल बाण होता.

"बाई, हा बाण इकडं अन् पुली तिकडं. उलटा फिरून राहिला हा."

मोटर परत बसवताना दोन वायरींची अदलाबदल झाली होती. असा ब्लोअर उलटा फिरला तरी थोडी हवा देतोच, म्हणून कोणाला संशय आला नव्हता. कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनने वायरी बदलल्या. पाच मिनिटं लागली. माझे आलेख अठ्ठावीस होते.

"तूच शोधलं असं लिहून दे," काका कुजबुजले. "माझं काय जाते?"

मोह झाला. पण रिपोर्टवर सुपरवायझरची सही लागते आणि त्यांनी सगळं पाहिलं होतं. काका तर बाबांना सांगितल्याशिवाय राहणार नव्हतेच. म्हणून मी खरं लिहिलं. याला प्रामाणिकपणा म्हणत असतील तर म्हणोत.

दशरथजींनी रिपोर्ट दोनदा वाचला. "तपासणीच्या यादीत पहिला मुद्दा कोणता?"

"फिरण्याची दिशा."

"मग?"

"मला वाटलं, तो नवख्यांसाठी आहे."

फील्डचा निर्णय त्यांनी लांबणीवर टाकला. महिनाभर मला खाली शॉपमध्ये, म्हणजे ब्लोअर बनतात त्या विभागात, पाठवलं. तयार झालेल्या प्रत्येक ब्लोअरच्या वायरी स्वतः जोडायच्या, तो सुरू करायचा, दिशा बघायची. सव्विसाव्या दिवशी एक उलटा फिरताना दिसला. मी जिना धावत चढले.

"सर, एक पकडला! एका नजरेत!"

"शाबास. जोडला कुणी होता?"

मी जिन्याकडे पाहिलं. "मीच."

दशरथजींनी पेन खाली ठेवलं. "सोमवारी पालीच्या कारखान्यात जा. एकटी. इथे राहिलीस तर माझाच माल बिघडायचा."