पहिल्या आरतीची यादी

आमच्या मंडळात गणपती वर्षातून एकदा येतो, किस्से मात्र बारा महिने साचत राहतात. कॉलेज मी दुसऱ्या वर्षी सोडलं, तेव्हा इथल्या, गंगेकाठच्या ब्रह्मा घाटावरच्या समस्त मराठी म्हाताऱ्यांनी ठरवलं, "हा रिकामाच आहे, याला कॉम्प्युटरवर बसवा!" तेव्हापासून मंडळाच्या याद्या मी टाइप करतो. पगार नाही. किस्से मिळतात.

* * *

भांडणाचं मूळ एकच. गणपतीची पहिली आरती कोणाची? अध्यक्ष अप्पा अभ्यंकर, रिटायर्ड प्रोफेसर, दरवर्षी सांगायचे, "ज्येष्ठतेनुसार." आणि ज्येष्ठ कोण, तर अप्पा.

अनसूयाकाकू पंचवीस वर्षं मंडळाचा नैवेद्य करतात. त्या दरवर्षी एकदाच, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणतात, "एक आरती मलाही द्या हो."

उत्तरही दरवर्षी तेच. "काकू, तुम्ही इकडे आलात तर मोदक कोण बघेल?"

काकू आत जातात. मोदक बघतात.

* * *

गेल्या वर्षी मी वैतागलो. म्हटलं, "एक वेबसाइट आहे. नावं पेस्ट करायची, बटन दाबायचं, अकारविल्हे यादी तयार. ज्येष्ठ नाही, कनिष्ठ नाही."

अप्पांनी दोन सेकंद विचार केला. अभ्यंकर. अ.

"यालाच लोकशाही म्हणतात! मंजूर!"

* * *

पहिल्याच खेपेला घोळ झाला. नावं 'श्री.', 'सौ.', 'डॉ.' सकट टाकली होती. शिवाय काही घरं गेलेल्या माणसाच्या नावाने आरती करतात, त्यांच्यापुढे 'कै.' होतं. बटन दाबलं तर सगळे कैलासवासी ओळीने वर! त्यांच्यानंतर डॉक्टर. 'श्री.' वाले अप्पा बरेच खाली.

"आमच्या मंडळात पुढचा नंबर मिळवायला मरावं लागतं की काय?" अप्पा ओरडले.

"अप्पा, अध्यक्षपदाचं तर आजवर तसंच चाललंय ना?"

त्यानंतर दोन दिवस मला चहा मिळाला नाही. उपाध्या मात्र काढल्या, आणि अप्पा पहिले आले.

* * *

अप्पांच्या आजोबांनी गंगेवर एक पद रचलंय. चोवीस ओळी. प्रत्येक उत्सवात ते म्हटलं जातं. मी ते छापायला घेतलं आणि चुकून त्या साइटवरच पेस्ट झालं. चोवीस ओळी अकारविल्हे! माझ्या लक्षात आलं तेव्हा शंभर झेरॉक्स वाटून झाल्या होत्या.

अख्ख्या हॉलने डोळे मिटून, टाळ्या वाजवत, पद पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. अप्पांनी डोळे पुसले. म्हणाले, "आजोबा समोर उभे राहिले रे!"

आतून काकूंचा आवाज आला, "अरे, गंगा आधी सागराला मिळाली आणि मग हिमालयात कशाला निघाली?"

बाहेर कोणी ऐकलं नाही. ऐकण्याची पद्धतच नाही.

* * *

हर्डीकरकाका बँकेतून रिटायर झालेले. ह म्हणजे यादीच्या तळाशी. एका दुपारी माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत होते.

"हे शेजारचं बटन कसलं?"

"त्याने यादी उलटी होते."

काका हळूच खुर्ची ओढून बसले. "अरे गुरू, क्या बात है! इतकं सुंदर बटन तू वर्षभर लपवलंस?"

अप्पांनी ते बटन नामंजूर केलं. काका चिडले. "ठीक आहे. पण मग रजिस्टरमधली सगळी नावं यादीत घ्या! नेहमीचीच नकोत!"

* * *

यंदाच्या मीटिंगमध्ये अप्पा उभे राहून म्हणाले, "रजिस्टरमधली सगळी नावं. यादीत वर येईल त्याची पहिली आरती. नंतर कटकट नको."

रजिस्टर अप्पांच्याच अक्षरातलं. आधी आडनाव, मग नाव, अशा एकेचाळीस ओळी. बेचाळिसावी तळाला: 'अनसूयाकाकू (स्वयंपाक)'. मी जसंच्या तसं उतरवलं आणि सगळ्यांसमोर बटन दाबलं.

पहिली ओळ: अनसूयाकाकू (स्वयंपाक).

दुसरी: अभ्यंकर.

"हे चूक आहे!" अप्पा म्हणाले. "बाकी सगळे आडनावाने आहेत. हिचंही आडनाव घाल आणि परत दाब."

"सांगा, घालतो."

अप्पांनी हर्डीकरांकडे बघितलं. हर्डीकरांनी पंख्याकडे. पंचवीस वर्षं त्यांच्या हातचं जेवलेले पंधरा-वीस पुरुष बसले होते, एकालाही ठाऊक नाही. मलाही माहीत नव्हतं, खोटं कशाला सांगू?

शेवटी अप्पा स्वतः उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. जन्मात पहिल्यांदाच गेले असतील. "काकू, तुमचं आडनाव काय हो?"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. स्क्रीनसमोर थांबल्या. वरची ओळ वाचली, खालची वाचली.

"सांगते की, अप्पा," त्या म्हणाल्या. "आधी आरती होऊ द्या."