भोंगेवाल्या मामांचा हेडफोन

सुखदेवमामा कुणाच्याही खोलीत पहिल्यांदा शिरले की आधी एक टाळी वाजवत. नमस्कार नंतर. टाळी वाजवून मान तिरकी करत, आवाज भिंतींना आपटून कसा परत येतो ते ऐकत, आणि मग त्या खोलीविषयी आपलं मत देत. अकोल्याच्या जुन्या शहरात मी त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. सामान अजून टेम्पोतच होतं, तेवढ्यात हे आत आले, टाळी वाजवली आणि म्हणाले, "मॅडम, खोली चांगली हाय. पन इथं कोनासंग भांडू नका. घुमते."

मी अमरावतीची, अकोल्याच्या एका शाळेत नुकतीच लागलेली. भांडायला माझ्याकडे कुणी नव्हतंच.

मामांचा चाळीस वर्षांचा धंदा लाउडस्पीकरचा. अकोटपासून तिवशापर्यंत लग्नं, बारशी, जयंतीच्या मिरवणुका, सगळीकडे त्यांचा भोंगा वाजलेला. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी सामान विकलं, पण एक ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर मात्र ठेवून घेतले. ते अंगणातल्या पत्र्याखाली मांडलेले असत आणि सकाळच्या चहापासून गल्लीला गाणी ऐकवत. "गानं एकट्यानं ऐकनं म्हंजे दार लावून आमरस खानं," असं त्यांचं म्हणणं. मी वह्या तपासताना हेडफोन लावून बसले की ते खिडकीतून कळवळून विचारत, "मॅडम, कानाले काय झालं?"

त्यांच्या दुसऱ्या बाजूला शकुंतलामावशी राहायच्या. गावाबाहेर त्यांचा झेंडूचा आणि शेवंतीचा मळा. मुलगा विनोद मळा पाहायचा आणि मावशी अंगणात खाटेवर बसून हार ओवायच्या. दोन्ही अंगणांच्या मधे कमरेइतकी भिंत. भिंतीच्या अलीकडे मामांची खाट, पलीकडे मावशींची. त्या भिंतीवरून तीस वर्षं एकच भांडण चालू होतं.

"सुखदेव, कमी कर रे! डोक्शात खिये ठोकून राह्यला का?"

"कमीच हाय वो वयनी. हे तं मशीन नुसती घसा साफ करून राह्यली."

मामी, म्हणजे मामांची बायको, या भांडणात कुणाचीच बाजू घेत नसे. दोघांचाही आवाज चढला की ती दोघांनाही चहा देई.

मग एका मार्च महिन्यातल्या दुपारी मावशींच्या छातीत कळ आली. विनोद मळ्यात होता. मामी विरजण मागायला म्हणून पलीकडे गेली, तर मावशी खाटेखाली बसलेल्या, घामानं न्हालेल्या. मामांनी रिक्षा आणली, धावपळ झाली, दवाखान्यात स्टेंट टाकला आणि मावशी वाचल्या. दुसऱ्या दिवशी मामा भेटायला गेले. मीही सोबत होते. मावशींनी डोळे उघडले, मामांकडे पाहिलं आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "दोन डाव हाक मारली तुले सुखदेव. तुह्या भोंग्यात तुले कुठी ऐकू येते."

मामा तसेच मागे वळले. घरी आले आणि मशीनची पिन काढून टाकली.

गल्लीत अशी शांतता पसरली की लोक घाबरले. दूधवाल्यानं मामीला बाजूला घेऊन विचारलं, "बुढा बरा हाय ना?" मावशी घरी आल्या, खाटेवर पडून राहू लागल्या. हार नाही, बोलणं नाही. डॉक्टरांनी आराम सांगितला होता, आणि भिंतीच्या अलीकडे मामाही तसेच पडून. आजारी कोण, ते चटकन कळू नये अशी दोन्ही अंगणांची अवस्था.

तिसऱ्या दिवशी मामा माझ्या दारात उभे. "मॅडम, तुमच्या कानाले जे लागते ना, तसं मले घ्याचं हाय."

मी माझा हेडफोन दिला. त्यांनी तो घातला, दोन मिनिटांत काढला. "कान चेपते वो हे. याच्याहून आमचे गुरुजी हलक्या हातानं कान धरत."

माझा हेडफोन लहान होता, कानावर टेकणारा. मामांचे कान मोठे, त्यावर चष्म्याच्या काड्या, आणि त्यावर उन्हाळ्यात बांधलेला दुपट्टा. त्यांना कान पूर्ण आत मावेल असा हेडफोन हवा होता. शनिवारी दुपारून शाळा सुटल्यावर आम्ही दुकानात गेलो.

दुकानातला पोरगा मोठा उत्साही. "काका, हा घ्या. बास ऐका फक्त."

"बास मले नको सांगू बावा. अकोटच्या एका लग्नात माह्या बासनं परातीतल्या जिलब्या चालत जाऊन राह्यल्या होत्या. तू कानाचं सांग. दोन घंटे घातला तं दुखन का?"

पोरगा म्हणाला, नाही दुखणार. मामा म्हणाले, "मंग दोन घंटे घालून पाहतो," आणि स्टूल ओढून बसले.

पुढचा वेळ मी लाजेनं काचेतल्या चार्जरच्या किमती वाचत काढला. मामांनी एकेक हेडफोन चढवला. आधी चष्म्यासकट, मग दुपट्ट्यासकट. एकाच्या गाद्या उथळ होत्या, कानाची पाळी आतल्या जाळीला लागायची. तो बाद. एक भारी होता, मान खाली घातली की घसरून नाकावर यायचा. तोही बाद. मग मामांनी खिशातून फुटाणे काढले आणि चावू लागले. जबडा हलला की गादी कानापासून सुटते का, हे पाहायचं होतं. "मानूस गानं ऐकता ऐकता खाते का नाई? मंग?" त्यानंतर त्यांनी पोराला पंखा बंद करायला लावला. मार्चचं ऊन, पत्र्याचं दुकान. पाच मिनिटांत पोरगाच दाराशी जाऊन उभा राहिला. मामा मात्र घाम पुसत, डोळे मिटून, कानांना विचारत बसलेले. "कान हे लय लाजरं गिऱ्हाईक हाय मॅडम. पयल्या मिंटात हो म्हनते. खरं काय थे अर्ध्या घंट्यानं सांगते."

शेवटी पोरानं कंटाळून आतून एक निराळाच हेडफोन आणला. पाठीमागून जाळीदार, उघडा. कुणा रेकॉर्डिंगवाल्यानं मागवलेला आणि न नेलेला. मामांनी तो घातला आणि त्यांचा चेहराच बदलला. "मॅडम," ते हळूच म्हणाले, "कानावर काई हाय असं वाटतच नाई वो. गानं आंगनात होऊन राह्यलं जसं काई." त्यात हवा खेळत होती, कान तापत नव्हते, चष्माही दुखत नव्हता. मी म्हटलं, मग हाच घ्या.

त्यांनी तो काढून माझ्या कानांवर ठेवला, आवाज वाढवला आणि माझ्यापासून अडीच पावलं मोजून मागे सरकले. तिथं उभं राहून कान लावला. मग मान हलवली आणि हेडफोन पोराच्या हातात परत दिला. "नाई जमत. बाहेर येते."

पोरगा म्हणाला, "काका, लोक तर बाहेरचा आवाज आत येतो का ते विचारतात."

"आत काईबी येऊ दे. बाहेर नाई गेलं पायजे."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मामांच्या खाटेपासून मावशींच्या खाटेपर्यंत, मधली भिंत धरून, अंतर होतं अडीच पावलं.

अखेर एक पाठ बंद असलेला, मऊ आणि खोल गाद्यांचा, पकड सैल असलेला हेडफोन ठरला. मी कानाला लावला, मामा अडीच पावलांवर उभे राहिले. काही ऐकू येईना. दोन पावलं, एक पाऊल, तरी नाही. "हा पक्का हाय," ते म्हणाले. जाळीवाल्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि दुकानाबाहेर पडले.

आम्ही रिक्षानं निघालो. मोर्णा नदीचा पूल आला तेव्हा मामा म्हणाले, "मॅडम, वयनीनं दोन डाव हाक मारली म्हनते. जिंदगीभर मी लोकायचा आवाज गावभर पोचवला. अन् अडीच पावलावरची हाक मले ऐकू नाई आली." आणि मग लगेच रिक्षावाल्याला, "अबे, तुह्या स्पीकरचा कागद फाटला हाय. बदलून टाक, खरखर करते."

मामीनं जुन्या सुती लुगड्याच्या दोन टोप्या शिवून गाद्यांवर चढवल्या, म्हणजे घाम टिपला जाईल. रविवारी सकाळी मामा खाटेवर बसले, चष्म्याचा दोरा सैल केला, हेडफोन चढवला आणि डोळे मिटले. गल्लीनं सुटकेचा श्वास सोडला.

आणि मामा गायला लागले.

या माणसाला दुसऱ्याच्या आवाजातली कणभर खरखर सहन होत नसे, पण त्याचा स्वतःचा गळा आणि सूर यांची कधी ओळखच झालेली नव्हती. आजवर ते भोंग्यात झाकलेलं होतं. आता कान बंद, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, त्यामुळे मामा अगदी मोकळ्या गळ्यानं गात होते. मधलं संगीत मनातल्या मनात, आणि ओळ आली की एकदम वरून. दर वेळी नवीन जागी दचकायला व्हायचं.

मामी हात जोडून मला म्हणाली, "मॅडम, पयले गानं बी होतं. आता गानं गेलं अन् निस्ता बुढा राह्यला."

विनोद भिंतीपाशी आला. "मॅडम, मामाले सांगा ना, भोंगा लावा म्हना. आमी काई म्हनत नाई."

त्याच्यामागून एक विचित्र आवाज आला. पाहते तर मावशी. एका हातानं छाती धरून, पदर तोंडात कोंबून हसत होत्या. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. त्या दुपारी त्या उठून बसल्या आणि त्यांनी झेंडूची टोपली मागवली.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या खाटेवर बसून हार ओवायला मदत करत होते. भिंतीपलीकडे मामा हेडफोन लावून, डोळे मिटून, गुडघ्यावर बोटानं ताल धरून बसलेले. मावशी माझ्याकडे वाकल्या. "तुले एक सांगू? कोनाले सांगजो नको. म्या त्याले हाक मारलीच नोती."

"म्हणजे?"

"कळ आली अन् मी खालीच बसली. आवाजच निंगत नोता, हाक कुठून मारू? दवाखान्यात हा रडकुंडीले येऊन उभा राह्यला. मनात म्हतलं, तीस वर्सं सांगून राह्यली, ऐकत नाई. आता ऐकन."

"अहो मावशी! त्यांना झोप लागत नाहीये. सांगून टाका ना."

"सांगन ना. आंबे येऊ दे. तोलोक जराशी शांतता भोगू दे मले."

माझं लक्ष मामांच्या बोटाकडे गेलं. ते थांबलं होतं. गाणं संपलं होतं, दुसरं अजून सुरू झालं नव्हतं. दुकानात त्यांनी आतला आवाज बाहेर जातो का तेवढंच तपासलं होतं.

मामा उठले. हेडफोन काढला, वायर नीट हातावर गुंडाळली आणि घरात गेले. मग दोन्ही स्पीकर एकदम असे वाजले की टोपलीतली फुलं थरथरली.

"मेला! ऐकून राह्यला होता!" मावशी ओरडल्या.

मामा भिंतीशी येऊन उभे राहिले. मावशींनी आवाजावर आवाज चढवून विचारलं, "राग आला का रे?"

"आला."

"मंग बोल ना काई!"

"तुमच्याच्यानं पंधरा दिवस झोपलो नाई मी, वयनी. आता झोपतो."

आणि ते खरंच वळले, तिथल्याच खाटेवर आडवे झाले आणि त्या गदारोळात घोरू लागले. मशीन शेवटी मामीनं बंद केली. चहा तिनं नेहमीसारखा दोघांसाठी केला, पण मामांचा कप झाकून ठेवावा लागला.

पुढं दोन वर्षांनी माझी बदली अमरावतीला झाली. मामा आता नाहीत. पण ते जाण्याआधी काही महिने मी त्यांना भेटायला गेले होते, तेव्हाचे मामा मला जास्त आठवतात. दुपारची वेळ, मामा खाटेवर, हेडफोन डोक्यावर. पण डावी वाटी कानावर आणि उजवी, भिंतीकडची, कानामागे सरकवलेली. उघड्या वाटीतून गाणं बारीक झिरपत होतं.

मी म्हटलं, "मामा, बंदच पाहिजे म्हणून अख्खं दुकान घामानं भिजवलंत, आणि आता एक कान उघडा?"

"गानं एका कानानं बी ऐकू येते, मॅडम."

"पण मावशींनी हाक मारलीच नव्हती ना?"

"नोती मारली," मामा म्हणाले. "पन मारली असती, तं मले ऐकू आली नसती. थे तं खरंच हाय ना?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली, "ओ सुखदेव!"

"काय वो वयनी?"

"काई नाई. पाह्यलं."

मामा माझ्याकडे वळून तक्रारीच्या सुरात म्हणाले, "दिवसातून ईस डाव पाहते," आणि उजवी वाटी कानापासून आणखी थोडी मागे सरकवली.